लिनक्ससाठी लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की पोरं आधी मॉडेलचं नाव विचारतात. पहिली चूक तिथंच होते. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वायफाय कार्ड वेगवेगळं असू शकतं. माझ्या भाच्याचं तेच झालं. मित्राकडं उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, सुरळीत चालतंय बघून त्यानं कोल्हापूरच्या राजारामपुरीतून तेच मॉडेल आणलं आणि रात्री फोन, "मामा, वायफायच दिसंना की!" मित्राच्या मशीनमध्ये इंटेलचं कार्ड होतं, याच्यात दुसरंच, अगदी नवं. पेनड्राइव्हवर २०२२ सालची उबुंटू २२.०४ होती. तिच्यातल्या ५.१५ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्या कार्डाचा ड्रायव्हरच (ते चालवणारा प्रोग्राम) नव्हता. शेवटी मोबाइल केबलनं जोडला, यूएसबी टेदरिंग चालू करून मोबाइलचं इंटरनेट मशीनला दिलं, नवं कर्नल उतरवून घेतलं, तेव्हा कुठं वायफाय आलं.

म्हणून कळकळीनं सांगतो, लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता ज्यावरून उबुंटू चालवून बघता येतं तो, खिशात टाकूनच दुकानात जा. ताज्या उबुंटूचा करा, जुना नको. खोकं सीलबंद असेल तर बिलाआधीच बोलून ठेवा : समोर उघडून चालवणार, अडलं तर बदलून द्यायचं. इन्स्टॉल काही करायचं नाही, 'ट्राय उबुंटू' एवढंच. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं बघा. मग मशीन नीट झोपतं नि उठतं का बघायला झाकण लावून दहा मिनिटं थांबा, तेवढ्यात चहा होतो. उघडल्यावर पडदा काळाच राहिला किंवा मशीन गरम लागलं तर ते घेऊ नका. दप्तरात बॅटरी संपवणारं मशीन रोज छळतं.

घरी आल्यावर विंडोजशेजारी उबुंटू टाकतानाची मोठी चूक बायोसमधली, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधली. उबुंटूचा इन्स्टॉलर म्हणतो, इंटेल आरएसटी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) बंद करा. मुलं थेट बायोसमध्ये जाऊन त्याजागी एएचसीआय ही साधी पद्धत करतात आणि मग विंडोज उठतच नाही, वर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. आधी ती की वहीत उतरवून घ्या. मग विंडोजला सेफ मोडमध्ये (अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर) सुरू व्हायला सांगा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उठू द्या, आणि नंतरच उबुंटूला हात घाला.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड गेमसाठी किंवा मशीन लर्निंगसाठी लागत नसेल तर त्यावर पैसे घालू नका. घेतलंच, तर ड्रायव्हर टाकून रीस्टार्ट करताना येणारा निळा पडदा घाईत सोडू नका. तिथं 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या सहीची ओळख मशीनला पटवून देणं) निवडून ड्रायव्हर टाकताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. ओळख पटलेल्यालाच चालू देणारं सिक्युअर बूट चालू असताना एवढं राहिलं, की ड्रायव्हर चढतच नाही.

आणि रॅम. ती बोर्डावर सोल्डर केलेली असेल आणि जादा स्लॉट नसेल, तर ८ जीबीवर कायमचे अडकाल. दुकानदाराला स्लॉटचं स्पष्ट विचारा, आणि त्याला माहीत नसेल तर तिथंच मोबाइलवर कंपनीच्या साइटवरचं स्पेसिफिकेशन उघडून बघा.