अभ्यासक्रमाच्या आखणीत विद्यार्थ्यांना सोबत घेताना

विद्यार्थ्यांना पहिल्या बैठकीला बोलावण्यापूर्वी शिक्षकाने काय बदलता येते आणि काय नाही, हे स्वतःशी स्पष्ट करावे. मंजूर घटक आणि श्रेयांक (क्रेडिट) विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या कक्षेत येतात, तर उदाहरणे, क्रम, क्षेत्रभेटी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे स्वरूप यांबाबत बराच वाव असतो. ही मर्यादा आधी न सांगता सूचना मागवल्या, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

गोव्यातील मराठी विभागात लोकनाट्याचा चार श्रेयांकांचा, म्हणजे साधारण ६० तासिकांचा अभ्यासक्रम आखायचा आहे, असे समजू. पेडण्याच्या विद्यार्थ्याने दशावतार जत्रेत रात्रभर जागून पाहिलेला असतो आणि सत्तरीच्या विद्यार्थिनीला रणमाले हे तिथले लोकनाट्य घरचे असते; त्यामुळे कोणता प्रयोग पाहायला न्यायचे, कोणाची मुलाखत घ्यायची आणि कोणत्या महिन्यात, हे त्यांनाच ठरवू द्यावे (जत्रांचे दिवस त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात). चार-पाच जणांचा गट पुरेसा आहे, मात्र त्यात केवळ हुशार मुले नसावीत, आणि अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केलेला एखादा विद्यार्थी अवश्य असावा. न स्वीकारलेल्या सूचनेचे कारण लेखी कळवावे.