बलूनवरची दुर्बीण: अंटार्क्टिकाच्या पहिल्या मोसमाला निघताना

बलून सोडण्याचा तळ अंटार्क्टिकातल्या अमेरिकेच्या मॅकमर्डो स्टेशनपासून काही किलोमीटरवर, रॉस आइस शेल्फ या तरंगत्या बर्फाच्या थरावर असतो. दुर्बीण डिसेंबरच्या मध्यापर्यंत तयार हवी. त्या सुमारास स्ट्रॅटोस्फियरमधले, म्हणजे बलून तरंगतो त्या उंच थरातले, वारे ध्रुवाभोवती गोल वाहू लागतात आणि बलून साधारण दोन आठवड्यांत खंडाला एक चक्कर मारतो. ३१ डिसेंबर २०२३ला सुटलेली नासाची ‘गस्टो’ ही दुर्बीण ५७ दिवस वर होती. वाऱ्यांची ही वेळ हुकली की मोसम गेला, म्हणून तिथलं सगळं वेळापत्रक मागून पुढे मोजतात.

मेडिकलमध्ये दातांचे एक्स-रेही मागतात; दाढ किडकी असेल तर आधीच उरकून घ्या. गरम कपडे क्राइस्टचर्चला मिळतात. पुढचं विमान हवा बिघडली तर अर्ध्या वाटेवरून परत फिरतं, तेव्हा हातातल्या बॅगेत दोन दिवसांचं सामान असू द्या.

नवखे थंडीची धास्ती घेऊन येतात. माणसासाठी ती रास्त आहे, पण दुर्बिणीचा खरा वैरी उष्णता. ३६ ते ४० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम अर्धा टक्का, किंवा त्याहून कमी. पंखा फिरतो, पण ढकलायला हवाच नसते. वर सूर्य मावळत नाही आणि खालच्या बर्फावरून परतलेलं ऊनही अंगावर येतं. तळावर शून्याखालच्या वाऱ्यात गार राहिलेला कॉम्प्युटर वर तापून बंद पडतो तो यामुळे. प्रत्येक गरम चिपची उष्णता धातूतूनच बाहेर न्यावी लागते: चिप, थर्मल पेस्ट, तांब्याची पट्टी, ॲल्युमिनियमची प्लेट आणि शेवटी सूर्याकडे पाठ केलेला पांढरा रंगवलेला पत्रा. या साखळीतला एक स्क्रू ढिला राहिला तरी पुरे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क हवाबंद डब्यातच ठेवा, कारण तिचं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं. जास्त व्होल्टेजच्या उघड्या टोकांवर इन्सुलेशन चढवा. एवढ्या विरळ हवेत ठिणगी समुद्रसपाटीपेक्षा फार लवकर उडते. बलून चढताना मात्र मधल्या थरात खरोखर कडाका असतो, तेव्हा साधं ग्रीस गोठून मोटर अडकते.

स्टार कॅमेरा, म्हणजे ताऱ्यांवरून दुर्बिणीची दिशा ओळखणारा कॅमेरा, तळावर तपासू म्हणाल तर जमायचं नाही. चोवीस तास ऊन, तारे कुठून दिसणार? वर आकाश काळवंडतं आणि कॅमेऱ्याला तारे सापडतात, पण ती खात्री टेक्सासमधल्या पॅलेस्टाइन गावच्या नासाच्या बलून केंद्रात होणाऱ्या जोडणीच्या वेळीच, तिथल्या रात्री जागून करून घ्यायची. चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने दिशेसाठी मॅग्नेटोमीटरच्या भरवशावर राहू नका. सूर्यसेन्सर आणि जीपीएस हाताशी हवेत.

हँगरमधली हवा इतकी कोरडी असते की दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो. मनगटाला ग्राउंडिंगचा पट्टा बांधल्याशिवाय बोर्डला हात लावायचा नाही. क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे डिटेक्टर अतिथंड ठेवणाऱ्या टाकीत, द्रव हीलियम भरताना दार उघडं ठेवा, खोलीत ऑक्सिजन मीटर असू द्या. नळीतून बाहेरची हवा आत शिरली तर गोठून बूच बसतं आणि टाकीतला दाब वाढत जातो. म्हणून बाहेर जाणाऱ्या वाटेवर एकदिशा व्हॉल्व्ह, आणि तो रोज बघायचा.

सगळं जुळलं की गोंडोला, म्हणजे दुर्बीण बसवलेला सांगाडा, क्रेनला टांगून बाहेर नेतात आणि सगळे ट्रान्समीटर एकदम चालू करतात. डिटेक्टरमध्ये गोंगाट शिरतो का ते इथेच कळतं. बहुतेक वेळा तो शिरतोच, आणि मग केबलच्या शील्डचं एकेक टोक शोधत बसावं लागतं. या चाचणीनंतर ‘उड्डाणाला तयार’ म्हटलं की पान्हे पेटीत. नंतर एक कनेक्टर जरी काढला तरी चाचणी पुन्हा.

पुढे नुसती वाट बघणं. जमिनीलगतचा वारा मंद हवा आणि त्याची दिशाही टिकायला हवी. छोटे फुगे सोडून तो मोजतात. उड्डाणाचा निरोप पहाटेही येतो, आणि गोंडोला गाडीवर चढवल्यावरही रद्द होतो. असे दोन-तीन रद्द दिवस धरूनच चाला.

ही कामं आधी हाताखालून घालायची असतील तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) बलून केंद्र हैदराबादला आहे. बलूनही तिथेच बनतात. तिथल्या उड्डाणात रात्र मिळते, मात्र उड्डाण काही तासांचंच.

एक काम हमखास मागे पडतं: डेटाचा डबा. २००६मध्ये उडालेल्या ‘ब्लास्ट’ या बलून-दुर्बिणीचा पॅराशूट उतरल्यावर सुटला नाही, वाऱ्याने दुर्बीण सुमारे २०० किलोमीटर फरफटत नेली. डिस्क मात्र शाबूत सापडल्या. उतरलेली दुर्बीण शोधायला तुम्ही असालच असं नाही. डबा भडक रंगाचा ठेवा, सगळे बोल्ट एकाच मापाचे वापरा, जाड हातमोज्यांनी सुटतात का ते हँगरबाहेर उभं राहून करून बघा, आणि लागणारा पाना डब्यालाच बांधून ठेवा.