कानाचं मशीन घ्यायला जाताना तानपुरा सोबत न्या

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत कानाचं मशीन घ्यायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला: "दिसणार नाही असं कुठलं?" मी जन्मभर गाणं शिकवलं, आता दोन्ही कानांत मशीन लावते. माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आधी ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, दाखवायला सांगते.

तो नसेल तर ईएनटी डॉक्टर गाठा. मळ साचलेला असतो, कान वाहत असतो, पडद्याला भोक असतं. त्याचा इलाज आधी. आणि एखादा कान एक-दोन दिवसांत अचानक गेला असेल, तर मशीनचं नावही न काढता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. त्यात औषधाला वेळेची मुदत असते.

ऑडिओग्रामवर डावीकडे 250 हर्ट्झ, म्हणजे खालचे सूर, उजवीकडे 8000, म्हणजे वरचे. रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. वय झाल्यावर बहुतेकांची रेघ उजवीकडे घसरत जाते. गाणाऱ्याला हे चटकन कळेल. बाईचा षड्ज काळी चार-पाचचा धरला तरी अडीचशेच्या आतच बसतो. स, श, फ, ठ यांचा जीव मात्र दोन-तीन हजारांच्या पुढे. त्यामुळे आलाप नीट पोचतो आणि बंदिशीचे शब्द सांडतात. सूनबाई "सात वाजता" म्हणते, सासूबाई आठला तयार होतात, आणि वर "ही पुटपुटते" अशी तक्रार.

अशा घसरत्या रेघेला आरआयसी बरं. कानामागे लहानशी डबी, तिथून बारीक तार, आणि कानात छिद्रं असलेला मऊ डोम. खालचे सूर छिद्रांतून आपले आपण आत जातात, मशीन फक्त वरचे वाढवतं, आणि स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमत नाही. रेघ 70 डेसिबलच्याही खाली गेली असेल तर उघडा डोम पुरत नाही. आवाज बाहेर गळतो नि शिटी वाजते. तिथे कानामागचं दणकट बीटीई आणि कानाचं माप घेऊन केलेला मोल्डच लागतो. कान वाहणाऱ्याने मोल्ड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. अगदी आत बसणारं, न दिसणारं सीआयसी कमी ते मध्यम बहिरेपणाला चालतं, पण मळाने लवकर तुंबतं.

आणि बोटं? सीआयसीत बहुधा 10 नंबरचा, पिवळ्या स्टिकरचा सेल असतो, जेमतेम 5.8 मिलिमीटरचा. हात थरथरणाऱ्याला तो दर काही दिवसांनी बदलायला लावणं म्हणजे छळ आहे. 13 नंबरचा नारिंगी जाड असतो, 675 चा निळा त्याहून मोठा. स्टिकर काढल्यावर सेल मिनिटभर उघडा ठेवा, मग घाला. तो हवेवर चालतो. हे नको असेल तर चार्जिंगवालं घ्या, रात्री डबीत ठेवलं की झालं. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा घाम आणि कूलरची ओल दोन्ही मशीनला बाधतात, तेव्हा सिलिका जेलची डबी हवीच.

आता तानपुरा. मशीनला न थांबणारा एकसुरी आवाज पंख्यासारखाच वाटतो, म्हणून ते तो दाबतं. शिटी रोखणारी सोय लांब धरलेल्या सुरालाच शिटी समजते, मग पंचम थरथरायला लागतो. निवडताना मोबाइलवर तानपुरा लावून मी प्रत्येक मशीन पारखलं. संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागा आणि त्यात या दोन्ही गोष्टी कमी करून घ्या. डिसेंबरात हजीऱ्याला तानसेन समारोहात बसायचं असेल तर हे आधीच करून ठेवा. गाण्याशी देणंघेणं नसेल, तर त्या प्रोग्रॅमसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

दुकानाच्या बंद खोलीत सगळीच मशीनं गोड लागतात. ट्रायलला घरी मागा. फोडणीच्या आवाजात स्वयंपाकघरात बोलून बघा, महाराज बाड्याच्या गजबजाटात रिक्षावाल्याशी भाव करून बघा. पहिले काही आठवडे भांडी आदळल्यासारखी वाटतील, तेवढ्यावरून मशीन परत करू नका. दोन्ही कान कमी असतील तर दोन्हींना लावा. बोलणारा कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारी आवाज वाढवायची यंत्रं घेऊ नका. ती रेघ बघत नाहीत, सगळंच सारखं मोठं करतात. मशीन बसवणारा ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे का, हे विचारायला लाजू नका. ऐपत नसेल तर दिव्यांगांना अशी साधनं मिळवून देणारी केंद्राची एडिप योजना आहे. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला काढा. विकत घेत असाल तर बिलावर दोन्ही मशीनचे सिरियल नंबर, वॉरंटी आणि पुढचं ट्यूनिंग किती वेळा फुकट, एवढं लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.