बोटीचा गिअर गेला म्हणायच्या आधी या चुका टाळा

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर मोटरबोटी मोजक्याच, त्यात स्टर्न ड्राइव्हवाल्या तर त्याहून कमी, बहुतेक मुंबईकडून सेकंडहँड आणलेल्या. पण अशी बोट आपल्याकडे आली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असते, "भाऊ, गिअर गेला, खोलून पाहा." मी मुळात ट्रॅक्टरवाला मिस्त्री, पंधरा वर्षं क्राऊन-पिनियन हाताळून मग बोटींकडे वळलो, त्यामुळे सुरुवातीला मी पण लगेच पाना हातात घ्यायचो. आता नाही घेत. कारण खोलल्यावर अर्ध्या वेळा गिअर ठणठणीत निघतात आणि बिघाड बाहेरच असते, आणि बाकीच्या वेळा गिअर खरंच गेलेले असतात पण आवाज यायच्या कितीतरी महिने आधी ऑईलने सांगून ठेवलं असते, कोणी पाहिलेलं नसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टर्न ड्राइव्ह म्हणजे इंजिन बोटीच्या आत मागच्या बाजूला आणि गिअरचा पाय बाहेर पाण्यात. इंजिनकडून शाफ्ट येते, क्रॉसमधून (वाकूनही फिरणाऱ्या जोडातून) वरच्या खोक्यात, म्हणजे गिअरच्या पेटीत, जाते, तिथे बेव्हल गिअर फिरवण खाली वळवते, उभा शाफ्ट खालच्या खोक्यातल्या पिनियनला, म्हणजे छोट्या गिअरला, फिरवते आणि पिनियन फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही गिअरला. डॉग क्लच, म्हणजे सरकून गिअरच्या खाचांत अडकणारा तुकडा, ज्या गिअरला जाऊन धरते तिकडे पंखा फिरते. काही मॉडेलमध्ये क्लच खाली नसते, वरच्या खोक्यात कोन क्लच (शंकूच्या आकाराचा, घासून धरणारा) असते, म्हणून आपला ड्राइव्ह कोणता हे आधी माहीत पाहिजे.

इंजिन चालू करून मग ऑईल पाहणे

सगळ्यात मोठी चूक हीच आणि ती सगळेच करतात. बोट आणली, चालू केली, आवाज ऐकला, मग प्लग खोलला. तोवर आत जे काही पाणी असेल ते ऑईलमध्ये घोटून एकजीव झालं ना! बोट रात्रभर उभी राहू द्या, पाय सरळ खाली सोडून, सकाळी चालू न करता खालचा प्लग अर्धाच सैल करा आणि पहिलं जे चार चमचे येते ते पारदर्शक बाटलीत धरा. पाणी ऑईलपेक्षा जड, ते तळाशी बसते, तेच आधी बाहेर येते. निव्वळ पाण्याची धार आली तर सील, म्हणजे शाफ्टवर पाणी अडवणारी रबरी कडी, गेलंच समजा. ऑईल ताकासारखं पांढुरकं आलं तर पाणी आत जाऊन बोट चाललेली पण आहे.

रंगावरून लगेच निकाल देऊ नका मात्र. मरीन गिअर ऑईल कंपनीप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचं येते, काही निळं, काही हिरवट, म्हणून नवीन ऑईलची थोडी बाटली जवळ ठेवा आणि दोन्ही उजेडात शेजारी धरून पाहा. काळं पडून जळका वास येत असेल तर ऑईल कमी होतं किंवा आत काहीतरी तापलं आहे.

मग प्लगचं लोहचुंबक. त्यावर राखाडी मऊ लोण्यासारखा थर दिसला की लोक घाबरतात, तो साधा झिजेचा असते, प्रत्येक ड्राइव्हमध्ये राहते. दोन बोटांत चोळून पाहा. मऊ लागला तर पुसून टाका. टोचला, चकाकणारे पापुद्रे दिसले, दाताचा तुकडा दिसला, तर गिअर किंवा बेरिंग सुटायला लागलं आहे आणि आता बोट पाण्यात सोडायची नाही. सगळं ऑईल पांढऱ्या सुती कपड्यातून गाळा. कपड्यावर चमक राहिली आणि ती चुंबकाला चिकटत नसेल तर तो बहुतेक ॲल्युमिनियमचा चुरा, म्हणजे बेरिंग आपल्या जागेत फिरून खोकं खाऊन राह्यलं, हे दात तुटण्याइतकंच वाईट आहे.

नुसतं ऑईल बदलून मोकळं होणे

पाणी निघालं, नवीन ऑईल भरलं, झालं काम, असं नसते. पाणी आलं कुठून हे शोधल्याशिवाय बोट देऊ नका. आपल्याकडे समुद्र नाही, खारं पाणी नाही, म्हणून गंजायची भीती नाही असं लोक म्हणतात, मला हे ऐकून जीव तुटते. आपल्या बोटी वर्षातले कितीतरी महिने उभ्या राहतात, आणि उभ्या ड्राइव्हमध्ये तळाशी बसलेलं गोडं पाणीच बेरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पाडते. तेच ठिपके पुढच्या सीझनला घरघर करतात, बेरिंग सैल झालं की गिअरची जागा हलते, दात कडेला घासतात, आणि मग मालक म्हणते कालपर्यंत तर चांगली होती!

इथे पाणी शिरायचं मुख्य कारण जाळी आहे. ढिवर बांधवांची नायलॉनची जाळी वैनगंगेच्या बुडितात जागोजागी लागलेली असते, तिचा तुटका धागा पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळला जाते आणि फिरता फिरता सीलचं ओठ कापते. बाहेरून काहीच दिसत नाही. चालू सीझनमध्ये महिन्यातून एकदा पंखा काढून मागे पाहा, दहा मिनिटांचं काम आहे. प्लगखालचे वायसर पण प्रत्येक वेळी नवे टाका, जुनेच दाबून बसवणारे पुष्कळ पाहिले.

गळती शोधायला खोकं रिकामं करून हवा भरायची, साधारण १० पीएसआय, जास्त नाही, मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये आकडा असते तो धरा. साबणाचं पाणी मारा, शाफ्ट हाताने फिरवत राहा, कारण सील एका जागी धरते आणि फिरवलं की सोडते. नंतर व्हॅक्यूम लावून पण पाहा. हवेच्या दाबाला धरणारं सील कधीकधी ओढीला पाणी आत घेते.

ऑईल भरायचं खालून. हे ट्रॅक्टरवाल्यांना पटत नाही, आपल्याला वरून ओतायची सवय. वरून ओतलं की आत हवा अडकते, वाटते भरलं आणि वरचे गिअर कोरडे राहतात, एकदोन फेऱ्यांत निळे पडतात. खालच्या भोकातून पंपाने भरा, वरच्या भोकातून बिनबुडबुड्याचं ऑईल यायला लागलं की आधी वरचा प्लग लावा, मग पंप काढून खालचा. आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं ऑईल यात चालत नाही, मरीन गिअर ऑईलच पाहिजे, दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला, बोट चालली नसेल तरी.

आवाज आला म्हणजे गिअरच

मागच्या उन्हाळ्यात एक बोट आली. दुसऱ्या एका ठिकाणी तिचं खालचं खोकं आधीच खोलून झालेलं, शिम, म्हणजे गिअरची जागा ठरवणाऱ्या पातळ चकत्या, कुठल्या कुठे मिसळलेले, आणि मूळ तक्रार काय, तर जोरात रेस दिली की इंजिन ओरडते आणि बोट जागेवरच. तो पंख्याचा रबरी बुश होता, आतला हब आणि पंखा यांच्या मधला रबर. हळू चालवलं तर धरायचा, जोर दिला की घसरायचा. याची परीक्षा फुकट आहे बाप्पा, आतल्या हबवर आणि बाहेरच्या भागावर मिळून एक सरळ पेंटची रेघ मारा, एक चक्कर मारून या, रेघ तुटली तर बुश गेला. आधी हे केलं असतं तर त्या माणसाचा धंद्याचा अख्खा महिना वाचला असता. जळक्या रबराचा वास इंजिनच्या बाजूने येत असेल तर कपलर, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट जोडणारा रबरी जोड, पाहा.

न्यूट्रलमध्ये पण घरघर आहे आणि स्टिअरिंग डावीउजवीकडे वळवलं की वाढते? क्रॉस किंवा गिंबल बेरिंग, म्हणजे इंजिनकडून येणारा शाफ्ट धरणारं बेरिंग. ड्राइव्ह उतरवून बेरिंग बोटाने फिरवा, खरखर हाताला कळते, आणि रबरी बेलो, म्हणजे क्रॉसवरचा घड्यांचा पाइप, फाटला आहे का ते पाहा, कारण पाणी तिथूनच येते. ड्राइव्ह निघालाच आहे तर इंजिनची अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का, ते बारने तपासून घ्या.

फक्त फॉरवर्डला, फक्त लोडवर रडल्यासारखा आवाज येते आणि रेसबरोबर चढते, तेव्हा मात्र खरंच खालच्या गिअरवर संशय घ्या. हा आवाज अंगणात नळाच्या पाण्यावर चालवून कळणार नाही, तिथे लोडच नसते. बोट पाण्यात नेऊनच ऐका. पण चुंबकावर तुकडे नाहीत याची खात्री झाल्यावरच.

गिअर निसटते, कटकट करते, तर आधी शिफ्ट केबल. गिअरमधून काढताना लिव्हर जड लागते, कधी इंजिनच बंद पडते, ही केबलचीच लक्षणं. जड केबलवर चालवत राहिलं की डॉग क्लच अर्धवट धरते आणि त्याचे कोपरे गोल होतात, मग मात्र खोलल्याशिवाय इलाज नाही. लिव्हर हळूहळू सरकवणारे पण हेच करतात, त्यांना वाटते आपण गिअरला जपून राह्यलो. आयडलवर, एका झटक्यात टाका. इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा हाताने फिरवून पाहा. बऱ्याच डॉग क्लचवाल्या ड्राइव्हमध्ये फॉरवर्डला पंखा एका बाजूला कटकटत घसरते आणि दुसऱ्या बाजूला घट्ट धरते, रिव्हर्सला दोन्हीकडे धरते. धरायच्या बाजूलाच घसरला तर केबलचं सेटिंग पाहा, ते बरोबर असेल तर क्लच.

एवढं सगळं करूनही खोलायची पाळी आली, तर प्रत्येक शिम कुठून निघाला ते लिहून वेगळ्या पुडीत ठेवा. पिनियनचा एक दात उडाला म्हणून एकटा पिनियन बदलू नका, जोडीचा गिअर पण त्याच्यासोबतच झिजलेला असते, सेट टाका. प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, अंदाजाने हलवून नाही, डायल गेजने मोजा, दातांना निळा रंग लावून घास कुठे पडते ते पाहा, टोकाला पडत असेल तर शिम बदलून पुन्हा. आणि बुडितातल्या खुंटावर पंखा आदळून बोट आली असेल तर शाफ्ट आधी फिरवून सरळ आहे का ते तपासा, वाकड्या शाफ्टवर टाकलेलं नवीन सील पहिल्याच फेऱ्यांत पुन्हा गळायला लागते.