खरचटलेल्या जागेची पट्टी न रडता काढायची तर

खडकवासल्याच्या वळणावर वाळूवरून चाक घसरलं आणि कोपर ते मनगट सालटं निघालं. पडण्यापेक्षा जास्त दुखलं ते दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना. सुकलेलं गॉज जखमेला घट्ट चिकटतं आणि ओढलं की नवी कातडीही सोबत येते.

१. आधी नळाच्या धारेखाली पाचेक मिनिटं हात धरा. खडी-वाळू निघून गेली पाहिजे. साबण जखमेच्या कडेने लावा, आत नको. डेटॉल ओतायचा मोह आवरा, हळदही डब्यातच राहू द्या.

२. मेडिकलमध्ये 'पॅराफिन गॉज' मागा. तेलकट, जाळीदार तुकडा मिळतो. तो नसेल तर व्हॅसलीनचा पातळ थर चालतो, फक्त बोट घातलेली जुनी डबी नको, नवी ट्यूब घ्या.

३. त्यावर साधं गॉज, मग सैलसर बँडेज. कापूस थेट जखमेवर कधीच नाही, तंतू अडकतात.

४. रोज बदला. तरी चिकटलंच, तर सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने दहा मिनिटं भिजू द्या. आपोआप सुटतं.

मी अंघोळ करतानाच सोडवायचो. आईचा 'वाळू दे, खपली धरू दे' हा आग्रह मोडणं मात्र अवघड गेलं.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना लगेच विचारा. खडी आत रुतली असेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप आला, तर घरी खटपट नको.