मंडळीतल्या बहिणीचा घरी छळ होत असेल तर काय करावं

रविवारी उपासना सुटली की बाया थोडा वेळ अंगणात घुटमळतात. जालना-संभाजीनगरकडच्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या विश्वासणाऱ्यांत, हे दिसेल. त्या घोळक्यात एखादी बोलायच्या आधी नवऱ्याकडे बघते का, स्त्रियांच्या सभेला यायची एकदम बंद झाली का, याकडे लक्ष ठेवा. वळ दिसेपर्यंत थांबू नका. पगार काढून घेणं, माहेरी जाऊ न देणं, बायबलची वचनं दाखवून धाक घालणं हाही छळच. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यातही शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ धरलेला आहे.

मग तिला एकटीला गाठा. दोघांना समोर बसवून प्रार्थना करायची आणि समेट घडवायचा, ही आपली नेहमीची रीत. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) ते चांगल्या मनानंच करतात, पण मला ती रीत धोक्याची वाटते. नवऱ्यासमोर ती खरं बोलत नाही. बोललीच तर घरी गेल्यावर भोगते. तुम्ही फक्त ऐका. “तू काय केलं होतंस?” हे विचारूच नका.

‘पतीच्या अधीन असा’ हे तिच्या मनात रुतलेलं असतं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय तिच्यासोबत वाचा. 22 व्या वचनाच्या आधी 21 वं आहे, ते एकमेकांच्या अधीन राहायला सांगतं. आणि क्षमा केली म्हणून मार खायला परत जावं लागत नाही.

मार लागला असेल तर सरकारी दवाखाना गाठा, संभाजीनगरात असाल तर घाटी. डॉक्टरांना खरं कारण सांगा. केसपेपरवर ‘पाय घसरला’ लिहिलं गेलं की पुढे कोर्टात तोच कागद आडवा येतो. आधार, लेकरांचे दाखले, लग्नाचा दाखला विश्वासाच्या घरी ठेवा.

जीवावर बेतलं तर 112, एरवी महिलांसाठी 181. वरच्या 2005 च्या कायद्याखाली नेमलेले जिल्ह्याचे संरक्षण अधिकारी तक्रार लिहून घेतात. घटस्फोट न घेताही कोर्टाकडून संरक्षण आणि घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायांना वकील फुकट देतं. घटस्फोट हवाच असेल, तर 1869 च्या कायद्यात 2001 च्या दुरुस्तीपासून ख्रिस्ती बायकोला नुसत्या क्रूरतेवरही तो मागता येतो.

तिनं घर सोडायचं ठरवलं, तर तो दिवस कुणालाही कळू देऊ नका. प्रार्थनेच्या विनंतीतही नाही. ती विनंती संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या कानावर जाते.