स्टिअरिंगचा प्ले (मोकळा खेळ) नेमका कुठे आहे? गॅरेजात नवीन लागणाऱ्यांसाठी

आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा 2 वर्षांचा कोर्स करून रत्नागिरी-चिपळूणकडच्या गॅरेजात लागणाऱ्या मुलांसाठी हे लिहितोय. आमच्याकडे चिऱ्याचे ट्रक आणि खडीचे डंपर येतात आणि ड्रायव्हर सांगतो, "मिस्त्री, स्टिअरिंग लय खेळतंय." भरलेली गाडी परशुराम किंवा कुंभार्ली घाट उतरणार असते, तेव्हा ही तक्रार कधीही उद्यावर ढकलू नका.

स्टिअरिंग बॉक्सच्या (स्टिअरिंगच्या गिअरच्या पेटीच्या) ॲडजस्टिंग स्क्रूला आधी हात लावायचा नाही. तो आवळला की स्टिअरिंग कडक लागतं, ड्रायव्हर खूश होऊन जातो, पण झिजलेला जॉइंट तसाच राहतो. वर वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळही येत नाही. मला हा प्रकार सगळ्यात घातक वाटतो.

गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. पुढची चाकं जमिनीवरच हवीत, वजनासकट. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून एकाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बघा. फॅन-बेल्टपासून मात्र लांब. ड्रॉप आर्मपासून, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर बसवलेल्या आर्मपासून, सुरुवात करा. बोटं सांध्यावर वरून टेकवा, फटीत घालू नका. ड्रॉप आर्म हलला पण ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) जरा उशिरा निघाली, तर तिथला बॉल जॉइंट गेलाय. डोळ्याला दिसायच्या आधी अंगठ्याखाली बारीक 'टक' लागते. ती ओळखायला वेळ लागतो, म्हणून चांगल्या गाडीवरही हात ठेवून बघत जा. स्टिअरिंग फिरतंय पण ड्रॉप आर्म जागचा हलत नाही, तेव्हा कॉलमचे (स्टिअरिंगपासून बॉक्सपर्यंतच्या दांड्याचे) जॉइंट बघा आणि मगच बॉक्सवर या.

मग ॲक्सल जॅकवर उचलून खाली स्टँड द्या. चाक वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन (ज्या पिनवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती) आणि त्याचे बुश.

आपल्याकडे खारी हवा आणि पावसाळ्यातला लाल चिखल, दोन्ही जॉइंटच्या मुळावर येतात. जॉइंटवरचा रबरी बूट (टोपी) फाटला की चिखल आत जाऊन बॉल खातो. ग्रीस मारताना निपल (ग्रीस भरायचं तोंड) आधी पुसा, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारा. पावसाळ्यात हे काम जास्त वेळा करावं लागतं.

टाय रॉडचा (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचा) एंड बदलताना काढायच्या आधी आटे मोजून ठेवा. नवा तेवढाच आत घाला, म्हणजे टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते माप) जवळपास येतं. तरी नंतर ते मोजायचंच, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. ड्रॉप आर्म काढण्याआधी शाफ्ट आणि आर्मवर खूण करा, पुलर लावा. गॅसने तापवायचं नाही, वाकलेल्या आर्मला वेल्डिंग नाही, तो बदलायचाच. जॉइंटचा नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळून स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायच्या दुपाखी पिनेचं) भोक जुळत नसेल तर आणखी आवळून जुळवा, सैल करून कधीच नाही. स्प्लिट पिन दरवेळी नवी घाला.

शेवटी रिकामी गाडी गॅरेजजवळच फिरवून बघा, आणि भरून एक खेप झाली की परत बोलावून टाय रॉडचे क्लॅम्प तपासा.